पिओनीसाठी बर्फ

दादानं इंग्लंडहून पाठवलेल्या पिओनीला आमच्या ठाण्यातल्या कोपरीच्या परसात फूल आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच कळीची वाट बघायला नको. वाट बघण्याचं काम आमच्या घरानं पुरेसं करून ठेवलेलं आहे.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा तो कापडगिरण्यांच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला तिकडे गेला. शिक्षण तीन वर्षांचं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होते. बाबा ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या आणि मागे परस. परसात पपई, अळू, केळी आणि विहीर, म्हणजे जे आपोआप वाढतं ते सगळं. फुलझाडांची हौस आमच्याकडे कुणालाच नव्हती. देवाला तगर आणि जास्वंद शेजारून यायची आणि त्याबद्दल देवाची कधी तक्रार नव्हती.

दादाला जाऊन वर्ष झालं तेव्हा त्याचा एक मित्र बोटीनं परत आला. तो कल्याणचा. दादानं त्याच्याबरोबर काहीतरी पाठवलं आहे असं पत्र आलं, म्हणून एका रविवारी बाबा आणि मी कल्याणला गेलो. आईनं घड्याळ असेल असा अंदाज बांधला होता. मला चॉकलेट हवं होतं. मित्राच्या आईनं माठाखालच्या ओल्या वाळूतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून आमच्यापुढे ठेवला. आत लाकडाच्या भुशात एक वेडीवाकडी मुळी होती, सुरण आणि आंबेहळद यांच्या मधली काहीतरी. तिला वरच्या अंगाला बोराच्या बीएवढे चार लाल डोळे होते.

"औषधी आहे का हो?" मित्राच्या आईनं बाबांना विचारलं. "किसून घ्यायची असेल तर थोडी इथे ठेवून जा. ह्यांचे गुडघे फार दुखतात."

बाबांनी डबा घाईनं बंद केला.

डब्यात एक इंग्रजी माहितीपत्रक होतं आणि दादाचं पत्र. माहितीपत्रकावर कोबीच्या गड्ड्याएवढं लालभडक फूल छापलेलं होतं. दादानं लिहिलं होतं की ही पिओनी, नव्या संकरित जातीची, इकडे घरोघर लावतात, लावल्यापासून तिसऱ्या वर्षी फुलते. आणि शेवटी, "तिला फूल यायच्या आत मी घरी असेन."

हे वाक्य त्यानं सहज लिहिलं असेल. पत्र संपवताना माणूस काहीतरी गोड लिहितो, तसं. पण आईनं ते धरून ठेवलं. दादाची दोन वर्षं उरली होती आणि फुलालाही दोन वर्षं उरली होती. हिशेब जुळला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कॅलेंडरापेक्षा त्या मुळीला जास्त महत्त्व आलं. फूल आलं की दादा येणार. पुढे पुढे आई हे उलटंही म्हणायला लागली, की फूल आलं तरच दादा येणार. बाबांनी तिला एकदा समजावलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. आई म्हणाली, "मला कळत नाही का तेवढं?" आणि विहिरीवर पाणी आणायला गेली.

लावण्यावरूनच पहिला वाद झाला. आईचं माहेर कोकणातलं. कंद म्हटला की हातभर खोल खड्डा, शेणखत आणि वर मातीचा ढीग, हे तिच्या हातात बसलेलं. माहितीपत्रक म्हणत होतं, डोळे मातीखाली दोन बोटांपेक्षा खोल जाता कामा नयेत, नाहीतर नुसती पानं येतात. बाबांनी पट्टी आणली. आई खड्ड्याशी बसली, बाबा पट्टी धरून उभे, आणि मी माहितीपत्रक घेऊन मधे.

"उघडी पडेल हो ती," आई म्हणाली.

"तिला उघडंच आवडतं. थंड देशातली आहे."

"थंड देशातली माणसं पांघरूण घेतच नाहीत वाटतं!"

शेवटी दोन बोटांवरच लावली गेली. जेवताना बाबांनी संकरित म्हणजे काय ते समजावलं. एका जातीचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलावर घालतात, मग एकीचा दांडा मजबूत आणि दुसरीचा रंग गडद असं एकाच झाडात येतं. आईनं भात वाढता वाढता विचारलं, "मग ते झाड स्वतःला कुठलं समजतं?" बाबांना याचं उत्तर देता आलं नाही आणि शास्त्राच्या मास्तरांना उत्तर न येण्याचा मला फार आनंद झाला.

मला ते झाड आवडत नव्हतं. याचं कारण साधं आहे. दादा घरात होता तेव्हा मी दुसरी होते, दादा गेल्यावर पहिली व्हायला हवी होते, आणि तेवढ्यात ही मुळी आली. शिवाय तिचं सगळं मलाच करावं लागे. पाणी सकाळीच घालायचं, देठावर पडू द्यायचं नाही, भोवतीचं गवत हातानं उपटायचं. पण पंधरा दिवसांत मातीतून चार लाल कोंब वर आले तेव्हा मीच आधी पाहिले आणि मीच ओरडत घरात गेले, हेही खरं. कोंब लहान मुलाच्या मिटलेल्या मुठीसारखे होते. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. मग तिनं मला सांगितलं, "दादाला लिही. आजच लिही."

दादाला पत्र लिहिण्याची आमची एक रीत होती. निळ्या हवाई पत्राचा वरचा भाग बाबांचा, खालचा आईचा. आईला लिहिता येत होतं, पण तिचा मजकूर ती मला सांगे. तिच्या मते माझं अक्षर चांगलं होतं. खरं म्हणजे तिला हातातलं काम सोडून बसवत नसे. ती कणीक मळत सांगायची आणि मी लिहायची. त्या वर्षी तिच्या भागात दुसरं काही नसेच. पाच पानं आली, नऊ आली, एका पानाची कड करपली, गोणपाटाची सावली केली. दादाच्या उत्तरांत हवा, जेवण, परीक्षा असं सगळं असे. झाडाबद्दल एक अक्षर नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मुलगे असेच लिहितात असं मला वाटलं.

उन्हाळा झाडानं कसाबसा काढला. पावसाळ्याची बाबांना धास्ती होती, कारण मुळीभोवती पाणी साठलं तर ती कुजते. त्यांनी वाफा उंच केला, दगड लावले, आणि पलीकडच्या भातवाल्यांकडून एक जुनं इरलं मागून आणलं. शेतात लावणी करताना पाठीवर घेतात ते बांबूचं आणि पानांचं इरलं. चार खुंट्यांवर ते झाडावर उपडं घातलं. येणारे-जाणारे विचारत, खाली कोण बसलंय? आई म्हणायची, "आमच्याकडे पाहुणी आली आहे." हे ती चेष्टेनं म्हणायची, पण चेहरा अगदी सरळ ठेवून.

दसऱ्याच्या सुमारास पानं पिवळी होऊन गळाली. माहितीपत्रकात तसंच लिहिलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. घाबरण्यासारखं पुढच्या परिच्छेदात होतं. या झाडाला कडक हिवाळा लागतो. जमीन गोठेल इतकी थंडी काही आठवडे मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी कळी धरत नाही. बाबांनी हे वाचून दाखवलं आणि आम्ही तिघांनीही परसाकडे पाहिलं. कोपरीची थंडी म्हणजे पहाटे एक चादर, तीही सहाला पायाशी.

"मग आता?" आईनं विचारलं.

"मग बर्फ," बाबा म्हणाले.

बर्फ मिळण्याचं एकच ठिकाण आम्हाला माहीत होतं. खाडीवरच्या कोळीवाड्यातली एक कोळीण आमच्या गल्लीत मासे खाणाऱ्या घरांना मासळी द्यायची. तिच्या पाटीत खाली बर्फाचे तुकडे असत. आमच्या घरी मासळी चालत नव्हती, इतकी चालत नव्हती की कोळीण गल्लीतून जाताना आई पुढचं दार लोटून घेई. त्या बाईला आमच्या आईनं स्वतः हाक मारून परसात बोलावलं. आईनं काय सोडलं होतं ते आता कळतं. तेव्हा मला फक्त मजा वाटली.

"मावशी, रोज थोडा बर्फ आणून द्याल का?" आईनं पदर नाकाशी धरूनच विचारलं.

"बरफ? मावरं नाय, नुसता बरफ?" कोळणीनं पाटी खाली ठेवली. "कोन आजारी हाय काय गो बाय?"

"झाडाला घालायचा आहे."

कोळणीनं आधी झाडाकडे पाहिलं. झाड नव्हतंच, नुसती माती होती. मग तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरगा तिकरं हाय ना तुजा, बोटीन गेलेला? त्याचा झार काय?" तिला कसं कळलं कोण जाणे. आईनं मान हलवली. "मंग आनते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गोणपाटात भुशात गुंडाळलेला बर्फ यायला लागला. त्याच्या बदल्यात तिला अळूची पानं, पपया, केळीची पानं. आमच्या दोन खोल्यांत बोंबलाचा वास राहायला आला. आई दर वेळी विहिरीवर हात चोळून धुई.

बाबा संध्याकाळी बर्फ फोडून वाफ्यात गोल रचायचे, वर भुसा आणि पोती. पाणी निघून जायला त्यांनी नीट चर काढला होता. शाळेच्या प्रयोगशाळेतून उष्णतामापक आणून मातीत खोचून ठेवला होता. सकाळी उठून आधी तो बघायचे, मग तोंड धुवायचे. पारा काही त्यांच्या मनासारखा उतरत नव्हता.

"किती उतरायला हवा?" आईनं एकदा चहा देताना विचारलं.

"शून्यापर्यंत गेला तर उत्तम."

"बर्फ तर शून्यच ना? मग?"

"मातीची ऊब लागते, वितळतो."

आईनं थोडा विचार केला. "मग आइस्क्रीमच्या पॉटात कसं हो गोठतं?"

बाबांना असा प्रश्न म्हणजे सणच. त्यांनी कप खाली ठेवला आणि सविस्तर सांगितलं. बर्फात खडेमीठ मिसळलं की त्याचं तापमान शून्याच्याही खूप खाली जातं, म्हणून पॉटात दूध गोठतं. त्यांनी पाटीवर आकृतीसुद्धा काढली. आईनं सगळं मन लावून ऐकलं. बाबांनी ती का विचारते आहे ते विचारलं नाही. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते असं कधी विचारत नसत.

त्याच दिवशी बाबा आत गेल्यावर आई मिठाची बरणी घेऊन परसात आली. आमच्याकडे मीठ खाडीकाठच्या मिठागरांतलं, जाडं, करडं, स्वस्त. तिनं पोतं उचलून ओंजळभर मीठ बर्फावर पसरलं आणि पोतं परत नीट झाकलं. मी तिथेच होते.

"बाबांना सांगू नको," ती म्हणाली. "हसतील."

मी सांगितलं नाही. मला आईची युक्ती फार हुशारीची वाटली. दुसऱ्या दिवशी पारा चांगला खाली होता. बाबा खूश होऊन आत आले. "काल थंडी चांगली पडलेली दिसते," ते म्हणाले. आईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. आई डोळे मिचकावते हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तीन आठवडे, बर्फ यायचा बंद होईपर्यंत, तिनं रोज मीठ घातलं.

पुढच्या वर्षी कोंब आले नाहीत. होळी झाली, रंगपंचमी झाली, माती तशीच. एके सकाळी आई दूध आणायला गेली असताना बाबांनी मला वाफ्याशी बोलावलं. मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरली होती. त्यांनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली.

"इथे मीठ कुणी घातलं?"

मी सगळं सांगितलं. पाटीवरच्या आकृतीपासून सांगितलं. बाबांनी बोटानं माती उकरली. मुळी सडक्या बटाट्यासारखी झाली होती, बोट आत गेलं. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मला वाटलं रागावतील, पण ते स्वतःशीच म्हणाले, "खारं पाणी मुळीत उतरतं, हे सांगायचं राहिलं." मग त्यांनी माती परत सारखी केली आणि मला बजावलं, "आईला यातलं काही कळता कामा नये. मीठ नाही, मुळी नाही. ते आपोआप विसरलं जाईल."

ते विसरलं गेलं नाही. आई रोज सकाळी वाफ्याला पाणी घालायला लागली. ते काम आधी माझं होतं, तिनं ते काढून घेतलं. बाबा मेलेल्या मुळीला शेणखत आणून घालत, कारण एरवी घालत असत. पावसाळ्यात इरलंही घातलं. घरातली दोन शहाणी माणसं एका रिकाम्या वाफ्याची बडदास्त ठेवत होती आणि तिसरी, म्हणजे मी, तोंड शिवून होते. आईला काही माहीत नाही असं बाबांना आणि मला वाटत होतं. आई मात्र त्या वर्षात अर्धी झाली. बाबांनी वैद्यांचा काढा सुरू केला.

पत्रं लिहिणं सगळ्यांत अवघड झालं.

"झाडाचं काय लिहू?" मी विचारायची.

"लिही, वेळ घेतंय."

पुढच्या महिन्यात पुन्हा, "वेळ घेतंय." एकदा मी जरा धीर करून म्हटलं, "नाही उगवलं असं लिहू का?" आईचा लाटणं धरलेला हात थांबला. "तसं काही लिहायचं नाही," ती म्हणाली, इतकी कडक की मी परत कधी विचारलं नाही. दादाच्या परीक्षेचे दिवस जवळ येत चालले होते. शेजारणी विचारायला लागल्या, कधी येतो मुलगा? आई म्हणायची, येईल. कधी ते सांगायची नाही.

मग चैत्रात दादाचं पत्र आलं. नेहमीपेक्षा जड, पाकिटातलं. दुपारची वेळ, आई विळीवर कैऱ्या चिरत होती. बाबांनी पाकीट फोडून वर वर नजर टाकली आणि माझ्याकडे दिलं. "तू वाच," ते म्हणाले. त्यांच्याच्यानं वाचवणार नव्हतं, हे मला दुसऱ्या ओळीला कळलं.

दादाला तिथल्याच एका गिरणीत कायमची नोकरी मिळाली होती. ती त्यानं घेतली होती. परत यायचा विचार त्यानं सोडला होता, आणि खरं सांगायचं तर, असं त्यानं लिहिलं होतं, तो पहिल्या वर्षीच सोडला होता. सांगायचा धीर होत नव्हता. मग शेवटच्या पानावर हे होतं. "आई दर पत्रात त्या झाडाबद्दल लिहिते. तिला सांगा, जिवाला लावून घेऊ नकोस. ते आपल्याकडच्या हवेत जगणार नाही हे इथल्या माळ्यानं मला आधीच सांगितलं होतं. काहीतरी पाठवायला हवं म्हणून पाठवलं. मला वाटलं होतं, महिनाभरात मरेल आणि तुम्ही टाकून द्याल."

मी वाचायची थांबले. त्या क्षणी मला दादाचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. राग तो येणार नाही याचा नव्हता. आई बर्फासाठी पदर नाकाशी धरून उभी होती, ते मला दिसत होतं.

आईनं विळी आडवी केली. तिनं बाबांना विचारलं, "म्हणजे ते मरायचंच होतं?"

"हो," बाबा म्हणाले.

"इथे जगलंच नसतं?"

"नसतं."

"मग मी मीठ घातलं त्यानं नाही गेलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं, मी सांगितलेलं नव्हतं. पांढरी साय आईनंही पाहिली होती. बाबांच्याही आधी पाहिली असणार. वर्षभर रोज सकाळी ती पाणी घालत होती ते कोंब यावा म्हणून नव्हतं, मीठ धुऊन जावं म्हणून होतं.

"नाही," बाबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर शास्त्र शिकवलं. खोटं बोलताना मी त्यांना एवढं एकदाच पाहिलं. "तुझ्या मिठानं काही झालं नाही."

आई रडली. पदर तोंडाशी घेऊन, खांदे हलवत, आवाज न करता. मग म्हणाली, "मला वाटत होतं, मीच त्याची वाट बंद केली." असं दोनदा म्हणाली. नंतर उठून चूळ भरली, परत येऊन विळीशी बसली आणि कैरी हातात घेतली.

"हवाई पत्र आहे का घरात?" तिनं मला विचारलं.

मी आणलं. बाबांचा वरचा भाग त्या दिवशी कोराच राहिला.

"लिही," आई कैरी चिरत म्हणाली. "झाड गेलं." मी लिहिलं. तिनं फोडी ताटात लोटल्या. "कुणाची चूक नाही, असंही लिही."

मी लेखणी खाली ठेवली. आईनं वर पाहिलं आणि माझं होईपर्यंत तशीच थांबली. ते एवढंसं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, पण लिहिलं.